अर्धवट फुटलेला तारा

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही खामगावच्या कॉलेजात शिकवायला नवाच होतो. पीएचडीचे मार्गदर्शक दूर शहरात. त्यांनी विषय दिला, श्वेतबटू ताऱ्याचा स्फोट. जळून संपलेला, पृथ्वीएवढा आक्रसलेला तारा. त्याच्या पोटातला कार्बन पेटला की सगळाच्या सगळा उडतो, मागे काही उरत नाही. हे गणितात घडवून दाखवायचं, म्हणजे डिग्री. संगणक आमच्या नशिबी कुठला. कॉलेजचं हाताने फिरवायचं गणनयंत्र मी उन्हाळ्यात धामणगाव बढ्याला घरी आणलं.

वडिलांची, आमच्या बाची, उजवी बाजू लकव्याने गेली होती. शेत भावाकडे, आणि रिकामं बसणं त्यांना जमेना. म्हणून यंत्राचा दांडा ते डाव्या हाताने फिरवायचे. मी आकडे लावायचो, उत्तर उतरवायचो. ताऱ्याचे कांद्यासारखे थर पाडलेले, आणि क्षणाक्षणाला प्रत्येक थराचं गणित. घामाने बोटं दांड्यावरून घसरायची. संध्याकाळी बा विचारायचे, "फुटला का बे तुहा तारा?"

"नाई बा, अजून पेटूनच राह्यला."

तो शेवटपर्यंत नीट फुटलाच नाही. आग रेंगाळली, वरचे थर उडाले आणि गाभा तसाच राहिला. मार्गदर्शकांनी कागद पुरते न बघताच कळवलं, आकडेमोड चुकली आहे. ते ऐकून बा म्हणाले, "माह्या हातानंच घोळ केला असन. तू दुसरा माणूस बसव." कितीही समजावलं तरी त्यांनी पुन्हा दांड्याला हात लावला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सगळं गणित मी एकट्याने नव्याने केलं. जीव मेटाकुटीला आला. गाभा पुन्हा उरला, तेवढाच. मी धावत बाजेपाशी गेलो. "बा, चूक तुमची नवती. आकडे तेच आले."

"तू मले बरं वाटाले सांगून राह्यला," ते म्हणाले.

मार्गदर्शक म्हणाले, तीच चूक दोनदा केलीत. मग मी थकलो आणि विषय सोडला. बा आल्यागेल्याला सांगत राहिले, "पोराची डिग्री माह्या हाताच्या पायी गेली." तसंच मानून ते गेले.

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी एका सकाळी पेपरात वाचलं की काही श्वेतबटू अर्धवटच फुटतात, मागे गाभा उरतो, आणि असे तारे आता सापडले आहेत. घरच्यांना वाटलं मी खूश होईन. मला नुसतं दमल्यासारखं झालं, आणि रडू आलं. बाच्या हाताची एकही फेरी चुकली नव्हती, हे आता सांगू कोणाला?