दुधाची गाठ

दवाखान्याच्या फायलीसोबत किस्सेही घरात साठत जातात. फाईल टाकून देता येते. माझी धाकटी बहीण मेधा वर्षभर दर गुरुवारी केमोसाठी डोंबिवलीहून ठाण्याला जायची, सोबत मी. तिला जाऊन दोन वर्षं झाली. किस्से आहेत.

*

सुरुवात सुमनमावशींपासून. आमच्या भागातल्या निम्म्या बाळंतिणी त्यांच्या हातून न्हालेल्या. मेधाच्या लेकीने अंगावरचं दूध सोडलं आणि महिन्याभरात छातीत गाठ लागली. मावशींनी चाचपून निकाल दिला, "दुधाची गाठ गं! शेक घे, विरघळेल."

आईने कोबीची गार पानं ठेवायला सांगितली, शेजारच्या काकूंनी मोगरा बांधायला लावला. तीन महिने हेच.

मेधा म्हणाली, "ताई, आता फक्त कढीपत्ता राहिलाय!"

*

निदान झाल्यावर घरी दोन नातेवाईक बायका आल्या. एक म्हणाली, "फार दिवस पाजलंस, म्हणून झालं." दुसरी म्हणाली, "लवकर तोडलंस, म्हणून झालं." एकाच सोफ्यावर बसून!

मेधा उठली. "तुम्ही आपसात ठरवा, मी तोवर चहा टाकते."

*

आमच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही कारणं निकालात काढली. मग नीट समजावलं. दूध थांबलं की स्तन पूर्ववत होऊ लागतो. दूध तयार करणाऱ्या पेशी मरतात, जखम भरताना होते तशी आत साफसफाई सुरू होते. गाठ आधीच असेल, तर त्या धामधुमीत कॅन्सरला पसरायला वाव मिळतो.

मेधाने मान डोलावली. "म्हणजे विसर्जनानंतर मांडव सोडतात तसं. बांबूवाले, लाइटवाले, कोण आत, कोण बाहेर, कुणी विचारत नाही. चोर आरामात निघून जातो!"

पुढच्या गुरुवारी पडद्यापलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज आला. दुसऱ्या पेशंटला सांगत होत्या, "विसर्जनानंतर मांडव सोडतात ना..."

मेधा कुजबुजली, "निदान माझं नाव तरी घ्यायचं!"

*

मग एका रिपोर्टमध्ये यकृताचा उल्लेख आला.

"चोराला घर मिळालं वाटतं," मेधा म्हणाली.

त्या दिवशी डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

*

मेधाच्या तेराव्यानंतर सुमनमावशी आमच्या दारात आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या की पलीकडच्या फुटपाथवर जायच्या. तरी गेल्या महिन्यात कळव्याच्या एका ओळखीच्या बाईंनी सुनेसाठी मालिशवाली विचारली, तेव्हा मी मावशींचाच नंबर दिला.

आठवड्याने त्या बाईंचा फोन आला. आवाज चढलेला.

"अहो, कुणाला पाठवलंत? सुनेच्या छातीत गाठ हाताला लागली मात्र, मालिश अर्धवट टाकून तिला रिक्षात घातलं! अंगाला तेल तसंच! बाळ माझ्या हातात कोंबलं! थेट सोनोग्राफी!"

"मग?"

"मग काय? दूध निघालं! साधी दुधाची गाठ! ते मीसुद्धा सांगितलं असतं!"

"आणि मावशी?"

"त्यांचं तर विचारूच नका. खालच्या दुकानातून पेढे आणून वेटिंगमधल्या बायकांना वाटत सुटल्या. ओळख ना पाळख! एकीने विचारलंन, 'मुलगा की मुलगी?'"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'दूध.'"