एका नावाची दोन ताटं

इतवारी बाजारात मी भांड्यांवर नावं कोरून देतो. वर्षातून तीन-चारदा एक बाई येतात. त्यांचं स्वतःचं नाव मला अजून ठाऊक नाही, कारण प्रत्येक वेळी त्या दुसऱ्याच कुणाचं तरी नाव कोरायला सांगतात. स्टीलची दोन नवी ताटं आणि दोन्हींवर एकच नाव. माझी मशीन चालू असताना त्या ओठ हलवत एकेक अक्षर वाचतात, मग नखानं चाचपून पाहतात.

एकदा सवयीनं मी नावाखाली 'सप्रेम भेट' कोरलं. त्या चिडल्याच.

"पुसा ते! घरच्या पोराले कोनी भेट देते का भाऊ?"

ते घासून काढताना मी विचारलंच, "पन बाई, एका पोराले दोन ताटं काहून?"

तेव्हा कळलं, त्या बालगृहात स्वयंपाक करतात. तिथलं मूल अठराचं झालं की त्याला बाहेर पडावं लागतं.

"एक ताट त्याच्या भाड्याच्या खोलीवर जाते, दुसरं माह्या घरी मांडणीत राहते. उद्या काम सुटलं, खोली गेली, तर पोरगं स्टेशनवर झोपाले नाही जात. आपलं ताट कुठं हाय, त्याले मालूम असते."

"पन खरंच येते का कोनी?"

त्यांनी पिशवीतून एक जुनं ताट काढलं.

"हे माह्या मांडणीतलं. घासून घासून नाव पुसट झालं. पुन्हा कोरून द्या."