सांगलीच्या खोलीतल्या रेघा

किस्से जमवावे लागत नाहीत. तीन माणसं एका खोलीत कोंडा, वर एक साहेब पुण्यात ठेवा, की ते आपोआप साठत जातात. सांगलीच्या आमच्या खोलीत सुनंदाताई, बापू आणि मी. सर्किट प्रत्यक्ष बनवण्याआधी आम्ही ते कॉम्प्युटरवर चालवून बघतो. वीज कुठं चढली, कुठं उतरली, हे रेघांमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्ह्यूअर. आमचा व्ह्यूअर फुकटातला, जुना आणि उघडायला लय हळू. भांडण त्याच्यावरूनच पेटलं!

* * *

एका सकाळी व्हिडिओ कॉलवर साहेब म्हणाले, "सगळ्या ऑफिसांत नवा व्ह्यूअर येतोय. तुमचा फार जुना झाला."

सुनंदाताई आमच्यात सगळ्यात सीनियर. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, डोळेसुद्धा आम्ही जुनेच वापरतोय."

साहेबांना हसू आलं नाही. "महिनाअखेरपर्यंत बदला. नाहीतर सांगलीचं काम पुण्यात हलवू," असं म्हणून त्यांनी कॉल कट केला.

मला पुणं चाललं असतं. ताईंनाही कसंतरी जमलं असतं. बापूचं मात्र अवघड होतं. त्याचे वडील, आबा, आटपाडीकडे मेंढरं राखतात. आई गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून बापू बंगळूरची चांगली नोकरी सोडून आला होता. सांगली बंद झाली की आबा पुन्हा एकटे, हे आम्हा तिघांनाही न बोलता कळत होतं.

* * *

तरी आम्ही नवा व्ह्यूअर इमानदारीत वापरून बघितला. जुन्याला जी फाइल उघडायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागायचा, ती ह्यानं टिचकीसरशी उघडली. मी तर खूशच झाले.

बापू मान तिरकी करून बघत राहिला. "ताई, रेघा लय गुळगुळीत हायत. मला भ्या वाटतंय."

शेतीपंपाच्या स्टार्टरचं सर्किट होतं. जुन्या व्ह्यूअरमध्ये त्याच्या रेघेवर केसाएवढा एक काटा दिसायचा, क्षणभर उसळून गेलेली वीज. तेवढ्यानं पंप आपला आपण चालू होऊ शकतो. विहिरीत कुणी उतरलेलं असलं तर? नव्यात तो काटाच नव्हता! चित्र पटकन काढायचं म्हणून नवा व्ह्यूअर बारीकसारीक गोष्टी गाळत होता.

आम्ही पुण्याला सविस्तर मेल केला. उत्तर एका ओळीचं आलं, "झूम करून बघा, दिसेल."

ताई उसळल्या, "अहो, कुठं झूम करायचं ते कळायला आधी दिसायला नको का!"

* * *

मग सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. टाय वगैरे लावून. "मॅडम, ह्यात रेघांना चौसष्ट रंग आहेत."

ताई म्हणाल्या, "चौसष्ट रंग बघायचे असले तर मी साडीच्या दुकानात जाते. तिथं निदान बसायला गादी असते."

* * *

पुढच्या आठवड्यात पुण्याहून फॉर्म आला. नवा व्ह्यूअर स्वीकारणार का? पर्याय दोनच होते, 'हो, लगेच' आणि 'हो, महिनाअखेरीस'.

बापूनं त्याची प्रिंट काढली. पट्टी घेऊन खाली तिसरा चौकोन आखला, पुढं ठसठशीत 'नाही' लिहिलं आणि त्यात टिक केली. आम्ही तिघांनी सह्या ठोकल्या आणि स्कॅन करून पाठवून दिलं.

दहा मिनिटांत साहेबांचा फोन. "हा पर्याय फॉर्ममध्ये नाहीये!"

बापू म्हणाला, "आता हाय की, सर."

* * *

शेवटी साहेब स्वतःच आले. सांगलीचं काम हलवण्याचा कागद त्यांनी आल्या आल्या टेबलावर ठेवला. त्याच दिवशी आबा मिरजेच्या दवाखान्यात मोतीबिंदू दाखवून आले होते, बापूनं साहेबांना तसं सांगितलंही. एसटीला वेळ होता म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर फेटा ठेवून बसले होते.

ताईंनी भिंतीवरच्या दोन मोठ्या स्क्रीनवर तेच स्टार्टरचं सर्किट लावलं, एकीवर जुना व्ह्यूअर, दुसरीवर नवा. त्या सांगायला लागल्या तर साहेबांनी हात वर केला. "मी बघतोय ना. चित्र तेच आहे. फक्त नव्यात लवकर आलं. विषय संपला."

बापूचं तोंड उतरलं.

"आवं सायेब," कोपऱ्यातून आबा म्हणाले, "त्येच कसं? ह्या पडद्यावर एक कमी हाय की."

"काय कमी आहे?"

आबा उठले. जुन्या व्ह्यूअरच्या स्क्रीनजवळ जाऊन त्यांनी त्या काट्यावर बोट ठेवलं. मग नव्याच्या स्क्रीनवर बरोबर त्याच जागी ठेवलं. "ह्यो हितं होता. कुठं ग्येला?"

साहेबांनी चष्मा पुसला. माउस स्वतःकडे ओढला आणि आबांच्या बोटाखाली झूम करत गेले. पाच वेळा, सहा वेळा. सातव्या वेळी काटा वर आला.

साहेबांनी टेबलावरचा कागद उचलला, घडी घालून बॅगेत टाकला आणि चेन ओढली. मग आबांकडे वळून म्हणाले, "आबा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र फर्स्ट क्लास झालंय हं!"

आबा फेटा बांधत म्हणाले, "कुठलं वो सायेब? ऑपरेशन सोमवारी हाय!"