शुक्रवार पेठेतला परदेशी म्हातारा

पेंटिंगच्या क्लासात चित्रं कमी आणि किस्से जास्त तयार होतात. चित्रं निदान पलंगाखाली सरकवता येतात, किस्से कुठं ठेवायचे? म्हणून तुमच्या गळ्यात मारतोय.

आमच्या शुक्रवार पेठेतल्या क्लासात बिराजदार सरांचा एकच नियम. पोर्ट्रेट शिकायचं तर आधी भिंतीवरच्या परदेशी म्हाताऱ्याची नक्कल करायची. कुठल्याशा जुन्या तैलचित्राचा तो छापील कागद. काळी हॅट, जाड मिशा, कपाळाला आठ्या. तो जमल्याशिवाय दुसऱ्या माणसाला हात लावायचा नाही.

शांताकाकू मूळच्या केम गावच्या, इथं लेकाकडं राहतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, मला आमच्या मालकांचं चित्र काढायचंय. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावाया एक धड फोटो न्हाय."

"आधी म्हातारा," सर म्हणाले. काकूंनी पेन्सिल उचलली.

शिवानंद एमआयडीसीत चादरींची डिझाइनं काढतो. चौकोन आखून चित्र उतरवायचं म्हटल्यावर गडी खूश. महिनाभर खपून त्यानं आणला अर्धाच चेहरा. एक डोळा, अर्धं नाक, एका बाजूची मिशी.

"उरलेला?" सरांनी विचारलं.

"चादरीचं डिझाइन अर्धंच काढायचं असतंय. उरलेलं मशीनवर आपोआप उलटं पडतंय की सर."

देशमुखसाहेब कचेरीतनं रिटायर झालेले. त्यांनी म्हाताऱ्याच्या गालावरचा डागसुद्धा उतरवला. सर कळवळले, "साहेब, तो माझ्या चहाचा डाग आहे."

"मुळात आहे ना? मग प्रतीत पाहिजे." साहेबांनी खाली 'सत्यप्रत' लिहून सही ठोकली.

खुद्द सरांना एकदा गल्लीतल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं पोर्ट्रेट मिळालं. हात त्याच म्हाताऱ्यावर बसलेला, दुसरं काय होणार! कार्यकर्ते चपापले. पुढारी मात्र खूश, "फॉरेन लुक आलाय."

इकडं वर्षश्राद्ध तोंडावर आलं तरी काकूंचा म्हातारा काही पास होईना. मला त्यांचं लई वाईट वाटायचं. मग त्या यायच्याच थांबल्या, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं.

भिंतीवर हार घातलेला आमचा परदेशी म्हातारा! हॅट जाऊन पांढरी टोपी आलेली. समोर मालकांची बहीण डोळ्याला पदर लावून म्हणत होती, "दादा आता बोलंल बग."

आम्ही हात जोडले. सरांची मास्तरकी थोडीच सुटतेय? हळूच काकूंना म्हणाले, "बाकी छान. डावा कान मात्र क्लासातल्या चित्रापेक्षा मोठा झालाय."

काकू म्हणाल्या, "ह्यांचा तेवढाच व्हता."