साखळीचं दुसरं टोक

मोजणीच्या साखळीचं एक टोक बंगलीच्या पायरीवर होतं. दुसरं माझ्या हातात होतं आणि ते मला माझ्याच घराच्या दारापर्यंत ओढत न्यायचं होतं. मुंबईहून आलेल्या रावसाहेबांना घर घेण्याआधी महारवाडा किती लांब आहे ते पक्कं कळायला हवं होतं. तिकडे पाऊल टाकायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून ते टोक माझ्याकडे आलं.

साखळी लोखंडाची. पायरीपाशी इनामदारांचा कारभारी, इकडे मी. लोखंडातून विटाळ जातो की नाही, यावर भर उन्हात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी रावसाहेबांनीच तोड काढली. मी टोक ओढत न्यायचं, जमिनीवर ठेवायचं आणि लांब व्हायचं. मग कारभाऱ्यानं आपलं टोक धरून माप बघायचं, आणि तिथून पुन्हा पुढची साखळी. रावसाहेब इंग्रजी शिकलेले, मोठ्या कचेरीत कामाला. एवढं शिकून माणूस हेच शोधतो, याचं मला तेव्हा हसू आलं नाही. आजही येत नाही.

डोंबिवलीला नवं ठेसन झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव तिथून चालत जाण्यासारखं. मुंबईच्या हवेला कंटाळलेले बाबूलोक सुट्टीच्या दिवशी छत्री घेऊन यायचे, घरं-जागा बघत फिरायचे. आमच्या इनामदारांची खाडीच्या बाजूला विहिरीसकट एक बंगली होती. ती त्यांना विकायची होती.

असं गिऱ्हाईक आलं की मला बोलावणं यायचं. शीव दाखवण्याचं काम आमच्या घराकडे होतं. बापानंतर काठी माझ्याकडे आली. हद्दीचा तंटा निघाला की महारानं काठी टेकत चालायचं, तो थांबेल तिथं हद्द. तिथला दगडही त्यानंच आपल्या हातानं पुरायचा. महाराचा हात लागल्याशिवाय पुरलेला दगड गावात कोणी मानत नसे. विहिरीला आमचा हात चालत नव्हता, दगडाला लागत होता. बापाला त्याचा फार अभिमान. मरेपर्यंत तो सांगायचा, "पोरा, आपल्याकं जमीन नाय, पन जमिनीचा शबुद हाय." मीही तो अभिमान बाळगून होतो. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी सकाळपासून मी पागोळीच्या पलीकडे उभा होतो आणि रावसाहेब ओटीवर बसून विचारत होते. विचारत होते मला, बघत होते इनामदारांकडे. विहिरीचं पाणी वैशाखात खारं होतं का? मी सांगितलं, होत नाही. जे पाणी मी कधी चाखलं नाही त्याची चव मी छातीठोकपणे सांगितली, कारण त्या विहिरीतला गाळ दर उन्हाळ्यात माझा बाप उपसायचा. गाळापुरता आमचा हात चालत होता. पावसाळ्यात ठेसनाची वाट बुडते का, साप निघतात का, वारा कुठल्या अंगानं येतो, सगळं मीच सांगितलं. ते एका छोट्या वहीत लिहून घेत होते.

उधाणाचं मात्र त्यांनी तीनदा विचारलं. श्रावण-भाद्रपदाच्या अवसेला खाडी फुगते हे त्यांनी ऐकलं होतं, आणि घरात लहान मुलं होती. मी म्हटलं, पांगाऱ्याच्या झाडापर्यंत पाणी येतं, त्याच्या अलीकडे कधीच येत नाही. झाडापाशी जाऊन काठी टेकवून दाखवली. इनामदार म्हणाले, "याचा शब्द म्हणजे सरकारी कागद समजा." रावसाहेबांचा जीव भांड्यात पडला. मलाही बरं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

मग त्यांनी वही मिटली आणि महारवाड्याचं विचारलं.

साखळी ओढत मी निघालो. आमची चार घरं. माझ्या घरापाशी पोचलो तेव्हा बायको उंबऱ्याशी सारवत होती. साखळीचं टोक ओल्या शेणावर पडलं. ती म्हणाली, "आमच्या दारी काय मोजताव?" मी टोक तिथंच सोडून लांब झालो. सात साखळ्या भरल्या. कारभाऱ्यानं मोठ्यानं आकडा सांगितला आणि मी त्याच्यामागं परत गेलो. उंबऱ्यावर साखळीचा वळ उमटला होता, तो तिनं पुन्हा सारवून घेतला असणार.

रावसाहेबांना सात साखळ्या कमी वाटल्या. घर त्यांना पसंत होतं, पाणी पसंत होतं. फक्त वारा वळला की आमच्याकडून त्यांच्याकडे येईल, ही एक खोट होती. इनामदार म्हणाले, त्यात काय, ही चार घरं खाली खाजणात नेऊ. खाजण म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं ती जमीन. पांगाऱ्याच्या कितीतरी खाली. मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, आत्ताच जा आणि तिकडे तुमच्या नव्या जागेच्या हद्दीचा दगड पुरून ये. रावसाहेबांच्या डोळ्यांदेखत काम होऊन जाऊ दे.

मी म्हटलं, "मालक, तितं उधानाला कंबरंएवढं पानी येतं."

इनामदार म्हणाले, "तुम्हाला कुठं गाद्या-गिरद्या भिजायच्या आहेत?"

ओटीवर थोडं हसणं झालं. रावसाहेब हसले नाहीत. ते छत्रीची मूठ पुसत होते. मी त्यांच्याकडे बघून बोललो. आयुष्यात पहिल्यांदा ओटीवरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोललो.

"मघाशी माज्या शबदावर तुमी घर पसंत केलंत. तोच शबुद आता सांगतो, तितं मानसं बुडतील."

ते इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मग इनामदारांना म्हणाले, गावातलं तुमचं तुम्ही बघा.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळपासून मी पाणी, वारा, साप, वाट सगळं सांगितलं ते त्यांच्या मुलांसाठी. माझ्या मुलांसाठी तेच पाणी कोणी वहीत लिहिणार नव्हतं. बाप ज्याला शब्द म्हणायचा तो त्यांच्या सोयीपुरता शब्द होता. मी काठी ओटीच्या पायरीवर ठेवली. आमच्या हातानं विटाळणारी पायरी, तिच्यावरच ठेवली.

"दगूड मी पुरनार नाय."

मारलं मला. ते लिहीत बसत नाही. पाठ बरी झाली.

मला वाटलं होतं, माझ्या हाताशिवाय दगड बसणारच नाही. तीच माझी चूक. भोळा होतो. दुसऱ्या दिवशी इनामदारांनी दोन गडी लावले आणि दगड पुरला. सगळ्यांनी मानला. एवढ्या पिढ्यांची रीत एका सकाळीत मोडली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. रीत मोडता येते, हे मला त्यांनीच शिकवलं.

बंगली विकली गेली. आमची घरं खाजणात गेली. श्रावणाच्या अवसेला पाणी आलं, कंबरेएवढंच, मी सांगितलं होतं तेवढं. चुली गेल्या, दाणे गेले. पोरं खांद्यावर घेऊन आम्ही रेल्वेच्या भरावावर चढलो आणि पाणी ओसरेपर्यंत तिथंच बसून राहिलो. तिथून बंगलीची कौलं कोरडी दिसत होती. पांगाऱ्याच्या अलीकडे थेंब आला नव्हता. माझा शब्द खरा ठरला होता, आणि त्याचं मला काय करायचं होतं?

घरं खाजणातच पुन्हा उभी राहिली, पण इनामदारांच्या कामाला मी परत खाली उतरलोच नाही म्हणा. रेल्वेच्या रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये लागलो. तिथं आमच्यातलाच एक पलटणीतून पेन्शन घेतलेला म्हातारा होता, त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला अक्षरं शिकवली. हे मी स्वतः लिहितोय. हात दुखतो, दमायला होतं. दमलेलाच आहे मी.

परवा कारभारी गँगवर आला. रावसाहेबांचा शेजाऱ्याशी हद्दीवरून तंटा लागलाय. बंगलीच्या हद्दीचे दगडही पुढे गड्यांनीच पुरले होते, ते शेजारी मानत नाही, शब्द महाराचाच पाहिजे म्हणतो. रावसाहेबांनी निरोप पाठवला होता, झालं गेलं विसरून एकदा येऊन शीव दाखव.

मी फावडं खाली ठेवलं नाही. म्हटलं, येईन. खाजणातली चार घरं पांगाऱ्याच्या वर आणा. मग मोजणी करू. मोजणी माझ्या दारातून सुरू होईल, आणि साखळीचं दुसरं टोक रावसाहेबांनी स्वतःच्या हातानं धरून आपल्या पायरीपर्यंत न्यायचं.

कारभारी म्हणाला, "असं कधी झालंय का?"

मी म्हटलं, "दगूड तरी कवा असा पुरला व्हता?"

तो गेला. अजून उत्तर नाही. येईल असं मला वाटतही नाही. पण माझ्या दारातून निघाल्याशिवाय ती साखळी मी आता हातात धरणार नाही. माझी पोरंही धरणार नाहीत. त्यांना मी तसं लिहायला शिकवलंय.