बकरीचा कोणता पाय?

नवऱ्यानं आणलेली पिशवी हातात घेऊन ती आधी दोनदा वर-खाली करायची, वजन अजमावायची आणि मग अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "हा बकरीचा कोणता पाय म्हनायचा?"

पिशवीत मटण नसायचंच बहुतेक वेळा. श्रीखंडाचा डबा असायचा, किलोभर जिलबी असायची, चौघांना पुरतील एवढी गरम भजी असायची. घरात माणसं दोनच. दोन्ही लेकरं पुण्याकडं कंपनीत.

"खान्यात हिशोब काढू नगं," तो म्हणायचा. "आणलंय ना? खा."

"मागचाच असंल," ती पिशवी ओट्यावर ठेवत म्हणायची. "जड हाय."

वसमतच्या कडेला त्या गल्लीत माझी भाड्याची खोली होती, तिच्या घराला भिंत लागून. पहिल्या आठवड्यात मला हे पायांचं प्रकरण कळलं नाही. मग कळलं. तिच्या घरामागं पत्र्याच्या आडोशात बकऱ्या होत्या. सेनगावकडच्या माहेराहून लग्नात दोन आल्या होत्या, त्यांचाच हा वंश. तो वसमत-कुरुंदा रिक्षा चालवायचा. हळदीच्या दिवसांत रिक्षाला माणसं मावत नसत, हातात पैसा खेळायचा, आणि तो सगळा पिशव्यांतून घरी यायचा. पावसाळ्यात रस्ता ओस पडला, किराण्याचं थकलं, की तो मागं जाऊन एक बकरी सोडायचा आणि बाजाराला न्यायचा. म्हणजे उन्हाळ्यात खाल्लेली जिलबी श्रावणात बकरी होऊन घराबाहेर पडायची. माझ्या डोळ्यांदेखत नवाच्या सात झाल्या.

तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. मी तर अशाच घरांवरची पत्रकं वाचत वाढले. वडील मोर्चांची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. घराचं पोट बाईनं राखायचं आणि घराची शान बाप्यानं मिरवायची, हा मथळा मी पहिल्याच महिन्यात तिच्यासाठी तयार ठेवला होता. तो मला आजही बरोबर वाटतो. गरिबाला काटकसर शिकवणाऱ्या शहाण्यांचा मला राग आहे. पण बाईनं रोज काटकसर करायची आणि बाप्यानं रोज ती मोडायची, याचा त्याहून जास्त आहे.

"मावशी, तुम्ही भांडत का नाही?" मी एकदा विचारलं.

"भांडले की. भांडले त्या दिशी माझा राग काढाया त्यानं पेढे आनले." तिनं बकरीच्या कानामागं खाजवलं. "भांडन लई महाग पडतं, माय."

तिनं उपाय केले नव्हते असं नाही. कमी शिजवून पाहिलं, तर तो उठून कोपऱ्यावरच्या हॉटेलातून भाजी बांधून घेऊन आला. तेल लपवलं, तर नवा डबा आणला. दोन वस्तू सांगून धाडलं, तर त्या दोन सोडून सगळं आणलं. आणि जेवणाच्या वेळेला रिक्षात जो शेवटचा माणूस उरेल तो घरी जेवायला. पूर्वी ती रात्री सदरा झटकून चार नोटा तरी बाजूला काढायची. तेही गेलं. "आता भाडं मोबाईलवर येतं," ती म्हणाली. "खिसा उलटा करता यायचा. मोबाईल कसा उलटा करू?"

मला कुतूहल तिच्याइतकंच त्याचंही वाटायला लागलं. कारण हा माणूस उधळ्या नव्हता. दोन सदरे, तेच आलटून पालटून. चपलेला तीन ठिकाणी शिवण. उतार आला की रिक्षाचं इंजिन बंद करायचा. कपड्यात, चपलेत, डिझेलात इतका चिकट माणूस ताटाशी येऊन असा का वागतो? आमच्या पत्रकांतलं उत्तर माझ्याकडं होतंच. लहानपणी उपाशी राहिला असणार.

एकदा कुरुंद्याला जाताना मी पुढं त्याच्याशेजारी बसले आणि विचारून टाकलं, "काका, लहानपणी तुमच्याकडं खायची तकलीफ होती का?"

तो मोठ्यानं हसला. "आमच्याकडं? आगं, कोकरं दूध प्यायची न्हाईत एवढं आमी प्यायचो. माझा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा. ज्याच्या रानात मेंढरं रातभर बसली, त्या रानाला खत. सकाळी त्या मालकानं ज्वारी द्यायची. पदर भरून, मोजमाप न्हाई. दुकान म्हून काय असतं ते मला ठाऊकच न्हवतं."

"मग?"

"मग एकदा माय आजारी पडली. मला साखर आनाया धाडलं. दुकानदारानं तराजूत साखर टाकली, काटा जरा झुकला, तर त्यानं चिमटीनं साखर परत काढून घेतली. चिमटीनं!" चिमूट दाखवायला त्यानं दोन्ही हात हँडलवरून उचलले, आणि मागची माणसं ओरडली. त्यानं हँडल धरलं. "समोर लेकरू उभं हाय, आनि तू खान्याची वस्तू चिमटीनं परत घेतूस? मला त्याचीच शरम वाटली. आमच्या घरात असं व्हऊ देनार न्हाई म्हनलं."

माझं पत्रकातलं उत्तर तिथंच रस्त्यात पडलं. मी मात्र खुशीत होते. त्याहून चांगलं उत्तर मला मिळालं होतं.

संध्याकाळी ती अंबाडी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मला कधी बोलला न्हाई हे."

"तुम्ही विचारलं होतं?"

"मी इचारायची पैसं किती उरलं. हे कोन इचारतं?" जुडीचा देठ मोडत ती म्हणाली, "चिमटीनं!" आणि हसली. मग तिची नजर मागच्या आडोशाकडं गेली, बकऱ्यांकडं नाही, त्यांच्या शेजारी साचलेल्या लेंडीच्या ढिगाकडं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी भिंतीपलीकडून आवाज आला. आमच्या गल्लीत भिंती ऐकण्यासाठीच बांधल्या आहेत.

"आवं, तुमच्या बापाला एका रातीची किती ज्वारी मिळायची?"

"काहून?"

"इचारलं आपलं."

तो किती तरी वेळ बोलत होता. कोणतं रान, कोणता मालक, कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता. ती मध्ये मध्ये "व्हय का" म्हणत होती. मग ती सहज म्हणाली, "आनि मी येड्यावानी आपली लेंडी खताला न्यायला येनाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला फुकट देऊन राहिले."

"फुकट?"

"व्हय. वर च्या पाजते."

ताट सरकवल्याचा आवाज आला.

हळद लावायचे दिवस जवळ आले होते, शेतकऱ्यांना लेंडीखत हवंच होतं. दोघांनी पोती भरली आणि रिक्षात चढवली. माणसं म्हणाली, "मामा, आमी बसावं कुठं?" तो म्हणाला, "लेंडीवर बसा. हळद चांगली येती, तुमालाबी काही फुटंल." पैसे घ्यायचे नाहीत, ज्वारी आणि तूर घ्यायची, हे तिनं ठरवलं होतं, पण त्याला ते आपलंच ठरवणं वाटत होतं.

ती सोबत गेली होती. परत आल्यावर माझ्या दारात उभी राहून तिनं त्याची नक्कल केली. दुकानात कधी भाव न विचारणारा माणूस कुरुंद्याच्या खळ्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला होता. "एवढ्या पोत्याला एवढीच ज्वारी? मालक, माझ्या बकऱ्या काय माती खात्यात व्हय?"

"माझ्या बकऱ्या म्हनला!" ती पदरानं डोळे पुसत हसत होती. "लगनापासून पयल्यांदा!"

त्या वर्षी घरात पत्र्याची कोठी भरली. त्या कोठीनं काय जादू केली ते मी बारकाईनं पाहत होते. त्याच्या वागण्यात एकदम फरक पडला असं म्हणणार नाही. आंबे आलेच. पण घरी आणलेल्या पाहुण्याला आता हॉटेलातून काही बांधून येत नव्हतं. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. आणि हा आग्रह करायचा, "घ्या की अजून एक, आमच्या लेंडीची ज्वारी हाय!" पाहुण्याचा घास तोंडाशी थांबायचा. पाहुणेही कमी झाले. मला वाटतं, त्याचा या वाक्याशी संबंध असावा. कोठीचं झाकण उघडं दिसलं की तो स्वतः उठून लावायचा. "उंदीर जातील," म्हणायचा.

पण तिला भीती होती ती श्रावणाची. त्या वेळी नेमकी रिक्षा बिघडली. आठ-दहा दिवस ती दारातच उभी. एका सकाळी मी मागच्या दाराशी भांडी घासत होते, तर तो आडोशात उभा. तांबडीचं दावं त्याच्या हातात सुटलेलं. तांबडी म्हणजे माहेरच्या बकरीच्या थेट वंशातली, गाभण.

मावशी आली. मला वाटलं आता बोलेल. मला तर ओरडावंसं वाटत होतं. तिनं त्याचा दंड धरला, त्याला घरात नेलं आणि कोठीचं झाकण उघडलं. उघड्या दारातून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. तिनं हात कोपरापर्यंत आत घातला.

"दिवाळीपातुर निघंल. दुकानातून फकस्त तेल-मीठ."

"निघंल?"

"तुमी आनलंय. निघंना कसं?"

तो परत बाहेर आला आणि दावं बांधलं. नीट बसलं का ते ओढून पाहिलं. त्या संध्याकाळी तो गावातून रिकाम्या हातानं आला आणि उंबऱ्याशी थांबला. रिकाम्या हातानं स्वतःच्या घरात कसं शिरतात ते त्याला माहीत नसावं. "या की," ती आतून म्हणाली, "भाकरी गरम हाय."

त्या श्रावणात बकरी गेली नाही. पुढच्याही नाही.

मी तिच्याशी पुष्कळ वाद घातला. "मावशी, हे बरं झालं, पण हे बरोबर नाही. इतकी वर्षं त्यांनी तुमच्या बकऱ्या विकल्या, तुम्हाला न विचारता. त्यांना ते कळायला नको?"

"बराबर हाय तुझं."

"मग सांगा ना त्यांना."

"तू सांग. तुला बोलता येतं." तिनं तांबडीच्या पोटावरून हात फिरवला. "मला त्याला शिकवायचं न्हवतं, माय. मला ही राखायची व्हती."

या उत्तरानं माझं समाधान झालं नाही, अजूनही नाही. मी त्याला सांगितलंही. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ते चुकलंच माझं." एवढंच. तिला तो हे कधी म्हणाला की नाही, ते मला माहीत नाही. भिंतीपलीकडून तरी ऐकू आलं नाही.

बकऱ्या वाढत गेल्या, आडोसा पुरेना. कुरुंद्याचा एक शेतकरी म्हणाला, हळद निघाली की महिनाभर बकऱ्या रानात बसवा. मग गल्लीतल्या आणखी दोघींच्या बकऱ्या आपल्यात घेऊन मावशी निघाली. तेव्हापासून उन्हाळ्यात तिचं घर बंद असायचं. भिंतीपलीकडून आवाज येईनासा झाला, आणि पिशवी घेऊन येणारा माणूस परस्पर कुरुंद्याकडं जायला लागला.

गल्ली सोडायच्या आधी मी तिला भेटायला गेले. दिवस मावळत होता. काढलेल्या हळदीचं रान, मधोमध जाळी ताणून केलेलं कुंपण, आणि आत ती उकिडवी बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, नुसता हात वर करून थांब म्हटलं. तांबडीची लेक विणार होती. बकरी मोकळी झाली, तेवढ्यात रिक्षा आली. त्यानं लांबूनच इंजिन बंद केलं आणि चालत आला.

"किती?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं दोन बोटं दाखवली. दोन्ही पिल्लं ओली, एक उठायची धडपड करत होतं.

अंधारू लागल्यावर तिनं भाकरीचं फडकं सोडलं. माझ्या हातावर एक भाकरी ठेवली, आणि एक मोडून अर्धी त्याला दिली, अर्धी स्वतःला घेतली. त्यानं घास मोडला नाही. उठला, कुंपणात गेला आणि आपली अर्धी विलेल्या बकरीपुढं धरली. बकरीनं ती हुंगली आणि खाऊ लागली.

ती बघत होती. तिनं आपली अर्धी त्याच्या हातावर ठेवली, आणि ती कुणी खायची ते सांगितलं नाही.