अर्धा ऐकलेला ट्रंक कॉल

"शेठजी, तुम्ही कशाला बोट दुखवून घेता? मी आहे ना, देते जोडून."

विमलताई हेडसेटमध्ये बोलत होत्या. मी त्यांच्या मागे उभा आहे हे त्यांना माहीत होतं. तरीही त्यांनी कापसाच्या त्या अडत्याला डायल फिरवायला शिकवलं नाही. नेहमीसारखी कॉर्ड उचलली, भोकात खोचली आणि कॉल जोडून दिला. समोरच्या भिंतीवर मीच डकवलेली सूचना होती: 'प्रत्येक सबस्क्रायबरला डायलिंग शिकवावे.'

मी ती सूचना पुन्हा एकदा वाचली आणि माझ्या टेबलाकडे गेलो. 

गावाचं नाव लिहीत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. मी तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्युनिअर इंजिनीअर होतो, प्रोबेशनवर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील बोदवडकडे रेल्वेच्या गँगमध्ये होते. साहेबांनी सांगितलं की विषय संपला, हे मी घरातच शिकलो होतो. साहेबाला उलट प्रश्न विचारलेला मी कुणाला पाहिलं नव्हतं. आणि आता ऑपरेटर बायका मलाच साहेब म्हणत होत्या. मला त्याची सवय व्हायची होती.

ज्यांनी जुनं एक्स्चेंज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा तुम्ही रिसीव्हर उचलला की आमच्या बोर्डावर तुमच्या नंबरचा दिवा लागायचा. ऑपरेटर तिथे कॉर्ड खोचून विचारायची, "नंबर प्लीज." गावातले व्यापारी नंबर सांगतच नसत. "जिनिंगवाल्यांकडे द्या." "आमच्या घरी लावा, जेवायला येतो म्हणून सांगायचंय." कधी कधी, "डॉक्टर दवाखान्यात असतील का हो बाई?" ऑपरेटरला बहुधा माहीत असायचं.

आता शेजारच्या नव्या इमारतीत ऑटोमॅटिक एक्स्चेंज उभं राहिलं होतं. मी तिथे दिवसभर मशीनची टेस्टिंग करायचो. गावात डायलचे फोन बसवून झाले होते. जून संपता संपता कटओव्हर ठरला होता. म्हणजे एका ठरलेल्या क्षणी सगळ्या लाइन्स जुन्या बोर्डावरून काढून नव्या मशीनवर घ्यायच्या. त्यानंतर रिसीव्हर उचलला की बाईचा आवाज यायचा नाही. डायल टोन येईल आणि नंबर आपला आपण फिरवायचा.

इथे एक अडचण असते. लोकांना डायल करता आलं नाही, तर ते रिसीव्हर कानाला लावून बाईची वाट पाहत बसतात. उचललेला प्रत्येक रिसीव्हर मशीनचा एक सिलेक्टर अडवून ठेवतो. हे सिलेक्टर कॉल पुढे नेणारे, आणि ते मोजकेच असतात. ते सगळे अडले की ज्याला डायल करता येतं त्यालाही टोन मिळत नाही. मग दवाखान्याचा फोनही बंद आणि फायर ब्रिगेडचाही. मशीन चांगलं असूनही एक्स्चेंज बंद पडल्यासारखं होतं.

म्हणून लोकांना आधी शिकवणं भाग होतं, आणि ते काम ऑपरेटरकडे होतं. युक्ती सोपी होती. सबस्क्रायबरशी बोलायचं आणि त्याला डायल फिरवायला सांगायची. डायल फिरली की बोर्डावरचा दिवा लुकलुकतो. बोट शेवटपर्यंत नेलं की मध्येच सोडलं, ते सराव असलेल्या डोळ्याला त्यावरून कळतं.

कागदावर सगळं ठीक होतं. पण मी बाजारात चार दुकानांत जाऊन पाहिलं, तर डायलवर धूळ होती.

मी ऑपरेटरना एकत्र बसवून समजावलं. फळ्यावर सिलेक्टर काढले. आकृती बरी आली होती. सगळ्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी विचारलं, "काही शंका?"

सगळ्यांत सीनिअर ऑपरेटरला आम्ही अक्का म्हणायचो. त्या पारोळ्याकडच्या. त्यांनी विचारलं, "साहेब, त्या नव्या खोलीत खुर्च्या किती ठेवणार?"

"ते वरून ठरेल," मी म्हणालो.

"वरून म्हणजे कुठून?"

कुणीतरी हसलं. मी खडूचे हात पुसत बसलो.

मला उत्तर माहीत होतं. मे महिन्यातच जळगावहून डिव्हिजनच्या साहेबांचा फोन आला होता. ते म्हणाले होते, "हे बघा, कटओव्हर झाला की लोकल बोर्ड बंद, आणि बायकांना एक शब्द कळू द्यायचा नाही." पुढे त्यांनी सविस्तर सांगितलं. नोकरी कुणाचीच जाणार नव्हती. ट्रंकला, म्हणजे परगावचे कॉल जोडायला, आणि चौकशीला माणसं लागणारच होती, तेवढ्या इथेच राहणार. बाकीच्यांसाठी जळगाव आणि धुळ्याच्या ट्रंक बोर्डावर जागा होत्या. नावं ठरायची होती. ट्रान्सफरच्या ऑर्डर कटओव्हरनंतर हातात द्यायच्या, म्हणजे आधी गडबड नको.

साहेबांनी पुन्हा फोन केला. "ट्रेनिंग किती झालं?"

"चालू आहे, सर."

"चालू आहे म्हणजे काय? अर्धं झालं का?"

"अर्धं नाही, सर."

"मेमो द्या दोघींना. बाकीच्या सरळ होतील."

मी मेमो लिहायला घेतला. विमलताईंचं नाव लिहिलं आणि पुढे कारण लिहिताना अडलो. सबस्क्रायबरचा कॉल ताबडतोब जोडून दिला, हे कारण कसं लिहायचं? कागद तसाच ठेवून व्हरांड्यात आलो. अक्का आणि विमलताईंची ड्यूटी संपली होती. दोघी चहा पीत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन सरळ विचारलं, "अक्का, शिकवत का नाही तुम्ही लोक?"

अक्का ड्यूटीवर शुद्ध बोलायच्या. हेडसेट उतरला की घरची बोली. माझ्या घरची बोली वेगळी, पण त्यांची मला समजायची.

"भाऊ, तुम्हले माहीत शे," त्या म्हणाल्या. "आन तुम्हले माहीत शे, हाई बठ्ठ्या बायास्ले माहीत शे."

मला माहीत आहे, हे बठ्ठ्यांना म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. "काय माहीत आहे?"

आता विमलताई बोलल्या. "साहेब, जळगावचा तो कॉल तुमच्या टेबलावर जोडला कुणी?"

 साहेबांनी ऑपरेटरपासून लपवायची गोष्ट मला ट्रंक कॉलवर सांगितली होती, आणि ट्रंक कॉल ऑपरेटरच्या हातून येतो. हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

"कॉल जोडल्यावर बोलणं सुरू झालं का, ते की उघडून ऐकावं लागतं," विमलताई म्हणाल्या. ही की म्हणजे बोर्डावरची छोटी दांडी. ती खाली असेपर्यंत ऑपरेटरला दोन्हीकडचं ऐकू येतं. "बोलणं सुरू झाल्यावर की बंद करायची. नियम आहे. मी केली बंद."

"मग काय ऐकलंत?"

"बोर्ड बंद, आणि बायकांना एक शब्द कळू द्यायचा नाही. एवढंच."

त्यांनी नियम मोडला असता तर उरलेलं, म्हणजे कुणाचीच नोकरी जाणार नाही हे बरं अर्धंही, ऐकलं असतं. नियम पाळल्यामुळे त्यांच्या वाट्याला फक्त वाईट अर्धं आलं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी आपापसात तयार केलं होतं. कुणी म्हणत होतं नागपूरला टाकणार, कुणी म्हणत होतं घरी बसवणार.

"माझी पोर पाचवीला जाणार," विमलताई म्हणाल्या. "नव्या शाळेत नाव घालायचंय. कुठल्या गावच्या शाळेत घालू? ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुझ्या साहेबाला विचार. साहेबाला विचारलं तर म्हणतो, वरून ठरेल. आणि वर मी त्या शेठला शिकवू, की शेठजी, आता माझ्याशिवाय कसं चालवायचं बघा."

अक्कांनी कप खाली ठेवला आणि आता ड्यूटीवरच्यासारखं शुद्ध बोलल्या. "आमच्याच हातानं आमची खुर्ची उचलायची. उचलू ना. पण कोठे ठेवायची ते तरी सांगा."

मी उठलो.  ठरवून काही केलं असं नाही. पण आत बसून मेमो पुरा करणं आता जमणार नव्हतं. मी जळगावचा ट्रंक कॉल बुक केला. बोर्डावर दुसरी ऑपरेटर होती. लाइन लागल्यावर ती म्हणाली, "बोला, जळगाव आहे," आणि की बंद केल्याचा टक् असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आधी मी तो कधी ऐकलाच नव्हता.

"सर, ट्रान्सफरचं त्यांना सांगावं म्हणतो."

"कशाला? मी काय सांगितलं होतं?"

"सर, तुम्ही सांगितलंत ते त्यांनी ऐकलंय. पहिलं वाक्य."

"म्हणजे? कॉल ऐकतात की काय? कोण ती? नाव सांगा."

"नाही सर. नियमाप्रमाणे की बंद केली, म्हणूनच पुढचं ऐकलं नाही. पुढचं ऐकलं असतं तर आज ट्रेनिंग झालं असतं."

 मला वाटलं लाइन गेली. माझं प्रोबेशन गेलं असंही वाटलं.

"आत्ताही ऐकतंय कुणी?"

"नाही, सर. की बंद केल्याचा आवाज आला."

"नावं ठरलेली नाहीत. सांगून काय सांगणार तुम्ही?"

"ठरलेली नाहीत, असं सांगेन."

 साहेब म्हणाले, "सांगा. पण तुमच्या जबाबदारीवर. कटओव्हर बिघडला तर मी तुम्हाला काही बोललो नव्हतो."

दुसऱ्या दिवशी दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात मी बोलायला उभा राहिलो. या वेळी फळा वापरला नाही. बोलणं काही चांगलं झालं नाही, मध्ये दोनदा अडखळलो. जे ठरलं होतं ते सांगितलं. काही जणी इथे राहतील, बाकीच्या जळगावला किंवा धुळ्याला जातील, आणि कुणाची नोकरी जाणार नाही.

"नावं?" एकीने विचारलं.

"ठरलेली नाहीत."

"खरंच नाहीत, की सांगायची नाहीत?"

"खरंच नाहीत. ठरली की त्याच दिवशी सांगेन. आणि बहुधा ज्युनिअर आधी जातील असं मला वाटतं, पण तो माझा अंदाज आहे. साहेबांचं वाक्य नाही."

विमलताई ज्युनिअर होत्या. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, हे शेवटचं बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"धुळे लांब नाही," अक्का कुणाकडे न बघता म्हणाल्या.

"तुम्ही जा मग," विमलताई म्हणाल्या.

"माले कोण धाडी? मी म्हातारी, इथेच मरसू."

यावर सगळ्या हसल्या. विमलताईही हसल्या, पण उशिरा.

त्या संध्याकाळी मी पुन्हा बोर्डामागे उभा राहिलो. विमलताईंनी तोच अडत्या पकडला होता.

"शेठजी, पाचात बोट घाला. आता शेवटपर्यंत न्या. शेवटपर्यंत! मध्येच सोडलंत. दिवा दिसतो मला इथे."

पलीकडून काहीतरी आलं.

"नाही, आज मी जोडून देणार नाही. आधी तीनदा फिरवा, मग देते."

पुढे त्यांनी असा चंग बांधला की व्यापारी माझ्याकडे तक्रार घेऊन यायला लागले. "बाई शाळामास्तरीण झाली आहे," एक जण म्हणाला. अक्कांनी डॉक्टरांच्या कंपाउंडरला, जिनिंगच्या मुनीमाला आणि कॉलेजच्या शिपायालाही सोडलं नाही. फोन मालक नाही, दुसरंच कुणीतरी उचलतं, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

कटओव्हर रविवारी दुपारी झाला, अडत बाजार बंद असताना. नव्या मशीनच्या प्रत्येक लाइनच्या कॉन्टॅक्टमध्ये लाइन तोपर्यंत बंद ठेवणारी एक छोटी पाचर बसवलेली असते आणि पाचरी दोरीत ओवलेल्या असतात. इशारा झाला की जुन्या फ्रेमवरचे, म्हणजे लाइन्स जिथे बोर्डाला जोडतात त्या सांगाड्यावरचे, जोड काढायचे आणि इकडे दोऱ्या ओढायच्या. आम्ही ओढल्या. जुन्या बोर्डावरचे दिवे विझले. मशीन खडखडायला लागलं. सोमवारी बाजार उघडल्यावर थोडे सिलेक्टर अडले, पण एक्स्चेंज एकदाही बंद पडलं नाही. त्या शेठजींनी मात्र चौकशीला फोन करून तक्रार नोंदवली की नवीन बाई बोलत नाही, नुसती गुणगुणते. डायल टोनबद्दल म्हणत होते. मग त्यांनी नंबर बरोबर फिरवला.

नावं कटओव्हरच्या आधीच ठरली होती. जळगावहून कळलं त्या दिवशीच मी सांगितली. विमलताईंचं नाव धुळ्याला होतं. मी त्यांच्यासाठी साहेबांना एकदा विनंती केली होती. उपयोग झाला नाही.

निरोपाच्या दिवशी त्या हिशेब चुकता केल्यासारख्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मला जायचं नव्हतं. आजही नाहीये," त्या म्हणाल्या. "पण शाळा उघडायच्या आत धुळ्याला मामांकडे जाऊन आले. पोरीचं नाव घातलं. पुस्तकंसुद्धा घेतली. तुम्ही ऑर्डर हातात देऊन सांगितलं असतं, तर तिचं वर्ष गेलं असतं."

"मी विनंती केली होती," मी म्हणालो.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या, आणि मग घाईने, "पहिलं वाक्यच. की बंद केली लगेच."

त्यानंतर मी बरेच कटओव्हर केले. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात मी ऑपरेटरना जे ठरलंय ते सांगतो, आणि जे ठरलेलं नाही ते ठरलेलं नाही असं सांगतो. हे दुसरं सांगायला अजूनही जड जातं. समोरच्यांना वाटतं, साहेबाला काही माहीतच नाही. तेवढा कमीपणा घ्यावा लागतो, आणि माझ्या अनुभवात ट्रेनिंग वेळेवर पुरं होण्याच्या मानाने तो स्वस्त पडतो.